‘प्रिंटर ऑफलाइन आहे’ : एक रसग्रहण

मराठीत समीक्षकांचा तुटवडा नाही. नाटक पडले तरी ते लिहितात आणि चालले तर जास्तच लिहितात. पण जे वाङ्मय आज घरोघर वाचले जाते, ज्याच्याकडे माणसे डोळे लावून बसतात आणि वाचून झाल्यावर हमखास कपाळाला हात लावतात, त्याच्याकडे कोणी वळलेले नाही. मी म्हणतो ते संगणकाच्या पडद्यावर उमटणारे प्रिंटरविषयक वाङ्मय. त्यातही घरात एक मॅक, एक विंडोज आणि दोघांत मिळून एक प्रिंटर असला, की या वाङ्मयाला खरा बहर येतो.

नमुन्यादाखल चिंचवडमधले एखादे घर घ्या. वडिलांची भोसरी एमआयडीसीत दोन लेथची शेड, माल जातो चाकणला. हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजवर, म्हणून वडील विंडोजवाले. मुलगी डिझायनर, म्हणून मॅकवाली. प्रिंटर टीव्हीशेजारी, क्रोशाच्या रुमालाखाली. जीएसटीच्या नियमाने मालाच्या बिलाच्या तीन प्रती लागतात : एक गिऱ्हाइकाला, एक टेम्पोवाल्याला, एक आपल्याला. खाली टेम्पो उभा. पुढे मोशीची गर्दी, त्यापुढे चाकणचा चौक. तेव्हा या वाङ्मयाचा वाचक म्हणजे आरामखुर्चीत रेललेला रसिक नव्हे. एका पायात चप्पल घालून उभा असलेला गृहस्थ आहे, हे ध्यानात ठेवूनच समीक्षा केली पाहिजे.

पहिली कृती : ‘प्रिंटर ऑफलाइन’. दोनच शब्द! मितभाषी शैली, पाल्हाळ नाही. दोष एवढाच की विधान खोटे आहे. प्रिंटर समोर आहे, दिवा हिरवा आहे, मुलीच्या मॅकवरून आत्ताच एक पान छापूनही निघाले. मग ऑफलाइन कोण? घडते ते असे. घरातला राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो. वीज जाऊन आली की कधीकधी तो पत्ते नव्याने वाटतो. मॅक प्रिंटरला नावाने हाक मारतो, वाड्यात मारावी तशी, आणि प्रिंटर जिथे असेल तिथून ‘ओ’ देतो. विंडोजच्या वहीत पुष्कळदा जुना आकडाच लिहिलेला असतो. तो जुन्या खोलीचे दार वाजवतो, कोणी उघडत नाही, आणि शेजाऱ्यांना न विचारता ‘माणूस गावी गेला’ असे लिहून मोकळा होतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता एकदा कायमचा राखून ठेवला की हा प्रकार थांबतो. पण ‘जुन्या पत्त्यावर उत्तर मिळत नाही’ एवढे साधे वाक्य काही पडद्यावर येत नाही.

दुसरी कृती मॅकची : ‘होल्ड फॉर ऑथेंटिकेशन’. हिचा वास सरकारी कचेरीचा आहे. प्रिंटर वायरने वडिलांच्या विंडोजला जोडलेला असला आणि मुलीने मॅकवरून पान धाडले, तर ते दारातच थांबते. बापाच्या प्रिंटरवर छापायला लेकीने ओळख पटवायची! वडील आपला रोजचा चार आकडी पिन मोठ्या मनाने सांगतात. तो चालत नाही. तो पिन त्या संगणकापुरताच. जाळ्यावरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड हवा, आणि तो वडिलांनी संगणक घेतला त्या दिवशी ठरवून त्याच दिवशी विसरलेला असतो. शिवाय तो संगणक झोपला की प्रिंटरही झोपला. किल्ल्या एकीच्या कमरेला आणि ती माहेरी, असा एकत्र कुटुंबातला जुना प्रकार.

तिसरी कृती थेट कागदावर उतरते. मॅकवर ड्रायव्हर चुकीचा निवडला, पोस्टस्क्रिप्ट न समजणाऱ्या प्रिंटरला त्याच भाषेतला मजकूर गेला, की पानामागून पान पडू लागते. वर टक्क्याचे चिन्ह, मग उद्गारचिन्ह, खाली अगम्य ओळी. नवकविता म्हणून खपली असती. पण शाई आपल्या पैशांची.

आता याच पट्ट्यातले दुसरे वाङ्मय पाहा. शेडमध्ये लेथ बंद पडला तर आयटीआय झालेला पोरगा त्यावर पुठ्ठा अडकवतो : ‘स्पिंडलला आवाज येतो. १०.२० ला मेंटेनन्सला कळवले. चालू करू नये.’ काय झाले, कोणाला सांगितले, वाचणाऱ्याने काय करावे, सगळे तीन ओळींत. शुद्धलेखन थोडे इकडेतिकडे असेल. प्रसादगुण मात्र ओतप्रोत. ज्याने हे लिहिले त्याला ठाऊक असते की पुढच्या पाळीचा माणूस हे वाचणार आहे आणि त्याचा हात यंत्रात जाणार आहे. पडद्यावरच्या लेखकाला वाचक दिसतच नाही, हे त्याच्या शैलीचे मूळ दुखणे.

यंत्रांचे आपसातले भांडण मिटतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. १९९२ च्या सुमारास अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी विंडोजच्या देवाणघेवाणीची भाषा दुसऱ्या यंत्रांना शिकवणारा प्रोग्रॅम लिहिला. पुढे त्याला नाव हवे म्हणून शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरे ओळीने येणारे शब्द हुडकले, आणि निघाले ‘सांबा’. २०१० साली अ‍ॅपलने एअरप्रिंट आणले. ड्रायव्हर नावाचा दुभाष्याच नको. २०२३ साली मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केले, की कंपनीकंपनीचे ड्रायव्हर हळूहळू मागे पडतील आणि आयपीपी ही सामाईक भाषा पुढे येईल. त्यामुळे प्रिंटर वायफायचा असेल, तर तो कोणाच्या पदराला न बांधता थेट राउटरला जोडावा आणि दोघांनी त्याच्याशी परस्पर बोलावे, हे शहाणपणाचे.

यंत्रे एकमेकांशी नीट बोलायला शिकली. आता त्यांनी माणसाशी बोलायला शिकावे. शिकवणी लांब नाही. संदेश लिहिणाऱ्यांना आठवडाभर भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये, त्या पुठ्ठा लिहिणाऱ्या पोराच्या हाताखाली उमेदवारीला ठेवावे. सातव्या दिवशी त्यांना एवढे जरी लिहिता आले, ‘प्रिंटर ठीक आहे, पत्ता मीच विसरलो’, तरी मी ते वाङ्मय अभिजात मानीन. आणि खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवायचा थांबेल, ते वेगळेच.