सरोवराचे पृष्ठ आणि सरोवराचे अंतरंग

कृत्रिम उपग्रहांनी टिपलेल्या उष्णताचित्रांवरून सरोवराचे तपमान व त्यातील जलप्रवाह जाणण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत अमेरिकेतील कॅलिफोर्निया व नेव्हाडा या राज्यांच्या सीमेवरील टाहो सरोवराचा अभ्यास विशेष लक्षणीय होय. टॉड स्टाइसबर्ग, सायमन हुक व जेफ्री श्लाडो यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेले दोन निबंध या अभ्यासाच्या अग्रभागी आहेत. उष्णताचित्र सरोवराविषयी नेमके काय सांगू शकते, याचा निर्णय करण्यास ते उत्तम साधन आहेत.

पाण्यातून निघणारे अवरक्त प्रारण, विशेषतः ८ ते १२ मायक्रॉन तरंगलांबीचे, उपग्रहावरील उपकरण मोजते. पाणी हे प्रारण इतक्या त्वरेने शोषून घेते की, जे वर पोचते ते मिलिमीटरच्याही अल्पांशाएवढ्या थरातूनच आलेले असते. ही जणू सरोवराची त्वचा होय. बाष्पीभवनामुळे ती खालच्या पाण्याहून बहुधा अंशाच्या काही दशांशांनी थंड असते. टाहोवर १९९९ पासून तरंगते मापक ठेवून त्वचेचे व तिच्याखालच्या पाण्याचे तपमान मोजले गेले. चित्राला प्रत्यक्ष मापनाची अशी जोड मिळाल्यामुळेच या संशोधनास विश्वसनीयता लाभली.

जलप्रवाहांचे विवेचन हा निबंधांचा सर्वांत समृद्ध भाग आहे. नैर्ऋत्येकडील वारा पृष्ठावरील उबदार पाणी पूर्वेकडे लोटतो, आणि त्याच्या जागी पश्चिम किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर येते. काठावरचा निरीक्षक या घटनेचा एखादाच बिंदू पाहतो. उष्णताचित्र तिचा संपूर्ण विस्तार एका दृष्टिक्षेपात दाखवते. पुढची पायरी अधिक धाडसाची. लँडसॅट ७ व टेरा हे उपग्रह सुमारे अर्ध्या तासाच्या अंतराने एकाच प्रदेशावरून जात असत. दोन्ही चित्रांतील एकच आकृती किती सरकली, हे ताडून प्रवाहाचा वेग काढला गेला.

या रीतीची मर्यादा साध्या गणितानेही कळते. टेरावरील उपकरणाच्या उष्णताचित्राचा एक चौकोन ९० मीटरांचा. अर्ध्या तासात आकृती एक चौकोन सरकली, तर वेग सेकंदाला ५ सेंटिमीटर ठरतो. सरोवरातील प्रवाह पुष्कळदा याच मापाचे असल्यामुळे एका चौकोनाची चूकही उपेक्षणीय नव्हे. काळाचे अंतर वाढवावे, तर आकृतीच विरते वा सूर्याच्या उष्णतेने बदलते. शिवाय समान तपमानाच्या रेषेला समांतर वाहणारे पाणी चित्रात कोणताही फरक घडवीत नाही, म्हणून ते दिसतच नाही. ढगांआडचे सरोवरही दिसत नाही. आणि वादळी दिवसांतच पाण्याचे मिश्रण जोमाने होत असते.

दीर्घकालीन निष्कर्षांच्या बाबतीत हा विवेक अधिकच आवश्यक ठरतो. श्नायडर, हुक व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली त्या प्रदेशातील सहा सरोवरांच्या उन्हाळी रात्रींच्या पृष्ठतपमानाची वाढ १९९२ ते २००८ या काळात वर्षाला सुमारे ०.११ अंश सेंटिग्रेड असल्याचे दाखवले. उलटपक्षी, टाहोच्या सर्व खोलीतील मापनांवरून १९७० ते २००२ या काळातील सरासरी वाढ वर्षाला सुमारे ०.०१५ अंश आढळली होती. कालखंड व ऋतू भिन्न असल्याने या आकड्यांची तुलना जपूनच केली पाहिजे. परंतु त्यांत विरोध मानण्याचे कारण नाही. एक आकडा त्वचेचा, तर दुसरा ५०१ मीटर खोल जलराशीचा आहे. वरचे पाणी खालच्यापेक्षा लवकर तापले म्हणजे थरांतील भेद दृढ होतो, हिवाळी मिश्रण अवघड होते आणि तळाशी प्राणवायू पोचण्यात व्यत्यय येतो. सरोवराचे भवितव्य ठरवणारी गोष्ट ही दोन आकड्यांमधील तफावतच होय. आणि चित्र तिची केवळ एकच बाजू पुरवते.

टाहोच्या पाण्याची पारदर्शकता १९६८ साली सरासरी ३१ मीटरांवर होती. अलीकडच्या वर्षांत ती २० मीटरांच्या आसपास आली आहे. किनाऱ्यावरचा सूक्ष्म गाळ कोठे जातो आणि खोलातील पोषकद्रव्ये केव्हा वर येतात, हे प्रश्न तेथे त्यामुळेच केवळ विद्वत्तेचे राहिलेले नाहीत. या निबंधांचे श्रेय असे की, त्यांनी पृष्ठावरील चिन्हांना गतीचा अर्थ दिला. मात्र पृष्ठाचे तपमान म्हणजेच सरोवराचे तपमान, असे समीकरण मांडणाऱ्यांना त्यांचा आधार घेता येणार नाही. आकाशातील दृष्टी आणि पाण्यात सोडलेला तपमापक यांची सांगड हीच या अभ्यासाची खरी पद्धती होय.