आज्ञापत्रातील आरमारविचार आणि रशियाचे समुद्रसामर्थ्य

समुद्रसत्तेचा विचार समुद्रकाठीच जन्मास येतो, हा समज मराठीच्या बाबतीत खरा ठरत नाही. देशावरील कागलची जहागीर ज्या करवीर राज्यात मोडत असे, त्याच राज्याच्या संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ सिद्ध झाले. त्यातील आरमारविषयक प्रकरणाची थोरवी त्यातील वीरश्रीत नसून व्यवहारदृष्टीत आहे. पाच गुराबा व पंधरा गलबते यांचा एक सुभा असावा. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर न टाकता मुलखातून नेमून द्यावा, कारण तसे न केल्यास सावकारांस उपद्रव होऊन व्यापारच बुडेल. वारा प्रतिकूल होताच जलदुर्गाचा आश्रय घ्यावा, असे हे विवेचन आहे. आरमाराचे मूळ भूमीवरील सुव्यवस्थेत आहे, हा त्याचा मथितार्थ होय.

रशियाच्या नौदलाचे भवितव्य याच कसोटीवर पारखण्याजोगे आहे. आज्ञापत्राच्या सुमारासच, १७१४ साली, पीटरच्या आरमाराने गांगुट येथे स्वीडनवर विजय मिळविला. पुढे १९५६ ते १९८५ पर्यंत सोव्हिएत नौदलाचे सरसेनापती असलेल्या गोर्श्कोव्ह यांनी आपल्या १९७६ च्या ग्रंथात युद्धनौकांबरोबर व्यापारी, मासेमारी व संशोधन नौकांसही समुद्रसामर्थ्याचे घटक मानले. ही व्याप्ती अमात्यांच्या दृष्टीशी जुळते. तथापि चार परस्परविलग समुद्रांत विभागलेल्या आरमाराचे भौगोलिक दौर्बल्य गोर्श्कोव्ह यांच्या महत्त्वाकांक्षेने दूर झाले नाही. १९०५ साली बाल्टिकमधून निघालेला ताफा अर्धे जग ओलांडून त्सुशिमा येथे नष्ट झाला, तो याच दौर्बल्यामुळे.

अलीकडील घटना अधिक बोलक्या आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये तुर्कस्तानने १९३६ च्या माँत्रो कराराधारे सामुद्रधुन्या युद्धमान राष्ट्रांच्या युद्धनौकांस बंद केल्या. एप्रिलमध्ये ‘मॉस्क्वा’ ही क्रूझर बुडाली. २०२३ मध्ये काळ्या समुद्रातील ताफ्याच्या अनेक नौकांना सेवास्तोपोल सोडून नोवोरोसिस्ककडे जावे लागले. तटबंदीचा आश्रय क्षेपणास्त्रे व मानवरहित होड्यांपुढे अपुरा पडला. फिनलंड (२०२३) व स्वीडन (२०२४) नाटोत गेल्याने बाल्टिकही आकुंचित झाला. म्हणून रशियाचे खरे बळ पुढेही उत्तरेकडील अणुपाणबुड्यांतच राहील. दूरच्या समुद्रांवर पृष्ठनौकांनी वर्चस्व गाजविण्याची आकांक्षा तिच्या साधनांशी विसंगत वाटते.

येथेच आज्ञापत्राचीही मर्यादा उघड होते. दुर्गाश्रय ही संकटकाळची युक्ती आहे. ती नित्याची नीती झाल्यास समुद्र परक्याचा होतो. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला. तो परत मिळाला, पण १८१२ च्या तहाने करवीरला मालवण कायमचे सोडावे लागले. व्यापाराचे रक्षण, भूमीवरील अर्थबळ आणि मोकळा समुद्रमार्ग या तिन्हींचा मेळ नसेल, तर गुराब असो वा क्रूझर, तिचे आयुष्य बंदरातच सरते. हा धडा मराठी अभ्यासकाने परकीय ग्रंथांतून घेण्यापूर्वी घरच्याच इतिहासात वाचावयास हवा.