तपासणी आणि उपचार : पोलीस अभिरक्षेतील आजारी माणूस व कायद्याची भाषा

अटक झालेल्या माणसाची अवस्था सांगण्यासाठी मराठीत तीन शब्द रूढ आहेत : कोठडी, ताबा आणि अभिरक्षा. पहिला शब्द स्थळ दाखवितो, दुसरा अधिकार दाखवितो. तिसऱ्यात रक्षणाचे कर्तव्य गर्भित आहे. ज्याला स्वेच्छेने वैद्याकडे जाता येत नाही, त्याला वैद्य मिळवून देण्याचे दायित्व त्याला अडवून ठेवणाऱ्यावर येते, हे या तिसऱ्या शब्दाचे तात्पर्य होय. हे तत्त्व सहसा कोणी अमान्य करणार नाही. परंतु ते भारतीय कायद्यात कोणत्या शब्दांनी उतरले, याची चिकित्सा करू लागले म्हणजे एक विसंगती दृष्टोत्पत्तीस येते. फौजदारी प्रक्रियेच्या संहितेने कोठडीत वैद्याला प्रवेश दिला तो मुख्यतः पुराव्याचा जाणकार म्हणून. रोग्याचा वैद्य म्हणून त्याला तेथे फारसे स्थान मिळाले नाही.

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ५३ व कलम ५४ ही या दृष्टीने एकत्र वाचावयास हवीत. अटक केलेल्या इसमाच्या शरीराची तपासणी केल्यास गुन्ह्याचा पुरावा मिळण्याचा संभव असेल, तर पोलीस अधिकाऱ्याच्या विनंतीवरून ती करता येईल, असे कलम ५३ सांगत होते. कलम ५४ त्या इसमाच्या हिताचे म्हणून ओळखले गेले. पण त्याची मूळ शब्दयोजनाही पाहण्यासारखी आहे. आपण गुन्हा केला नाही हे दाखविणारा, अथवा आपल्या शरीराविरुद्ध दुसऱ्याने गुन्हा केला हे दाखविणारा पुरावा मिळेल असे म्हणून त्याने तपासणी मागावयाची, आणि ती विनंती त्रास देण्याच्या वा विलंब लावण्याच्या हेतूने केलेली नाही असे वाटल्यास दंडाधिकाऱ्याने तसा आदेश द्यावयाचा, अशी ती योजना होती. एक कलम फिर्यादीसाठी पुरावा शोधते, दुसरे बचावासाठी. ज्वराने फणफणलेल्या माणसाला यांपैकी कोणत्याही कलमाखाली औषध मागता येत नव्हते.

न्यायालयांनी या तरतुदींना जो अर्थ दिला तो निःसंशय उदार होता. शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८३ च्या प्रकरणाचा उगम मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखतींत होता. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. अटक केलेल्या इसमास समोर आणताच दंडाधिकाऱ्याने छळाची तक्रार आहे काय हे विचारावे आणि कलम ५४ खालील तपासणीचा हक्क त्याला समजावून सांगावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या निकालात जी अकरा बंधने घालण्यात आली, त्यांत अटकेच्या वेळी मागणीनुसार शरीरावरील लहानमोठ्या जखमांची नोंद आणि त्यानंतर दर ४८ तासांनी प्रशिक्षित डॉक्टरकडून तपासणी, ही दोन होती. २००८ च्या दुरुस्तीने अटकेनंतर लवकरच होणारी तपासणी अनिवार्य केली. डॉक्टरने जखमा व मारहाणीच्या खुणा आणि त्या केव्हाच्या असाव्यात हे लिहावे, व त्या नोंदीची प्रत अटक झालेल्यास वा त्याने नेमलेल्या व्यक्तीस द्यावी, अशी ही तरतूद अमलात आली.

या परंपरेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. कोठडीतील मारहाण ही ज्या समाजात वस्तुस्थिती आहे, तेथे कायद्याने प्रथम जखमेकडे पाहिले हे स्वाभाविकच होते. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की कोठडीतील शरीर हे छळाचा लेख असलेला कागद म्हणून वाचले जाऊ लागले. ज्या शरीरावर कोणी हात उगारलेला नाही, पण जे आतून ढासळत आहे, त्याचे वाचन मागे पडले. पोलीस ठाण्याच्या बोलीत या विधीला ‘मेडिकल’ असे सुटसुटीत नाव आहे. आरोपीचे ‘मेडिकल’ करून आणले, की कागद पुरा होतो. त्या शब्दात तपासणी आहे; उपचार असेलच असे नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे आजारांच्या घड्याळावरून ध्यानात येते. रोज मद्य घेणाऱ्याचे मद्य एकाएकी तुटले, तर शरीराचा कंप बहुधा पहिल्या दिवसातच सुरू होतो. भ्रम, ताप व झटके यांची घातक अवस्था साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते. अटकेच्या वेळची तपासणी तेव्हा होऊन गेलेली असते, आणि ४८ तासांनंतरची तपासणी होईतो कदाचित उशीर झालेला असतो. इन्सुलिनवर जगणाऱ्या मधुमेह्याला ते मिळाले नाही, तर थोड्याच अवधीत प्राणावर बेतते. अपस्माराची गोळी अचानक थांबली, की झटके परत येतात. डोक्याला मार लागलेला किंवा रक्तातील साखर उतरलेला माणूस तोंडाला दारूचा वास येतो म्हणून निजू दिला जातो. यांपैकी एकाही अवस्थेत त्वचेवर खूण असण्याचे कारण नाही.

याच दुरुस्तीने कलम ५५-अ घालून ही उणीव भरून काढण्याचा यत्न केला. आरोपी ज्याच्या अभिरक्षेत असेल त्याने त्याच्या आरोग्याची व सुरक्षिततेची वाजवी काळजी घ्यावी, असा त्याचा आशय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ५६ म्हणून आली आहे. तिचा हेतू स्तुत्य आहे. पण तीत कर्ता संदिग्ध आणि काळ अनुपस्थित आहे. अभिरक्षा नेमकी कोणाची? तपासी अंमलदाराची, ठाणे अंमलदाराची, की रात्री गजांबाहेर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याची? वाजवी काळजी म्हणजे किती तासांत काय करणे? कलम मौन पाळते. पंधरा दिवसांची पोलीस कोठडी नव्या संहितेनुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेता येत असल्यामुळे हे मौन अधिकच जाचक ठरते. आरोपी कारागृहातून ठाण्यात येतो, तेव्हा त्याची औषधे त्याच्यामागून येतील याची हमी कोणी द्यावयाची?

येथे तुलनेसाठी दोन जुने कायदे उपयोगी पडतात. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने प्रत्येक कारागृहास वैद्यकीय अधिकारी दिला आणि आजारी दिसणाऱ्या बंद्याची वर्दी विनाविलंब देण्याचे कर्तव्य पहाऱ्यावरील अधिकाऱ्यावर टाकले. पोलीस ठाण्याच्या कोठडीला असा वैद्य नाही. दुसरा कायदा महाराष्ट्राचाच आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या, म्हणजे आजच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या, कलम ६६ ने अटकेतील वा अभिरक्षेतील जखमी किंवा आजारी इसमास आवश्यक ते साहाय्य मिळवून देण्यासाठी तत्काळ उपाय योजणे, आणि त्याला नेताना वा त्याच्यावर पहारा करताना त्याच्या प्रकृतीचे भान ठेवणे, हे प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरविले आहे. संहितेत जे तीन घटक सापडत नाहीत ते येथे एकत्र आहेत : ‘आजारी’ हा शब्द आहे, ‘तत्काळ’ हा काळ आहे, आणि ‘प्रत्येक पोलीस अधिकारी’ हा कर्ता आहे. शिवाय आजाऱ्याने विनंती करावी अशी अटही नाही. कोठडीविषयीच्या चर्चेत बसू निकालाचा उल्लेख सतत होतो. या कलमाचा क्वचितच होतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आरोपी आजाराचे सोंग घेतात, रुग्णालयातून पळून जातात, तपासाचा वेळ खातात, असे तपासी अंमलदाराचे म्हणणे असते. त्यात अनुभवाचा अंश आहे. मात्र सोंग कोणते आणि दुखणे कोणते हे ठरविणे हेच वैद्याचे काम होय. ते शिपायाच्या अंदाजावर सोपविता येत नाही. अडचणीचे मूळ अन्यत्र आहे. ज्याला आरोपीकडून माहिती काढावयाची आहे, त्याच्याच हाती त्याच्या प्रकृतीची चिंता दिली, तर दोन कर्तव्यांचा झगडा अटळ होतो. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा अधिनियमाने तपासाशी संबंध नसलेला स्वतंत्र अभिरक्षा अधिकारी नेमण्याची पद्धत घातली. आरोपी आजारी दिसल्यास, त्याने मागणी केली नसली तरी, त्याला वैद्यकीय साहाय्य मिळेल हे पाहणे, आणि मद्यधुंद माणसाला किमान अर्ध्या तासाने उठवून पाहणे, ही कामे तेथील नियमांनी त्या अधिकाऱ्याकडे सोपविली आहेत. या व्यवस्थेतही मृत्यू घडतात. पण कोणाचे काम राहून गेले, हे तेथे निश्चित विचारता येते.

भारतीय कायद्याला अशी निश्चिती अपरिचित आहे असे मात्र नाही. कोठडीत मृत्यू झाला, की त्याची भाषा एकदम काटेकोर होते. न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करावयाची. मृत्यूपासून २४ तासांच्या आत प्रेत जवळच्या सिव्हिल सर्जनकडे वा नेमलेल्या वैद्यकीय व्यक्तीकडे पाठवावयाचे, आणि ते शक्य नसल्यास कारणे लिहून ठेवावयाची. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगास वर्दी देण्याची मुदतही १९९३ पासून २४ तासांचीच आहे. प्रेताला वैद्यापर्यंत पोहोचविण्यासाठी संहितेने तास मोजले. जिवंत आजाऱ्यासाठी मोजले नाहीत. कलम ५६ मधील वाजवी काळजीचा अर्थ महाराष्ट्रात कलम ६६ मधील तत्काळ उपायांच्या आधारे लावला, आजार व चालू औषधे यांची नोंद जखमांच्या नोंदीबरोबरच घेतली, आणि ती कोणी घेतली व वैद्य किती वाजता आला हे स्टेशन डायरीत लिहिले, तर नव्या कायद्याची वाट न पाहताही ही उणीव बरीचशी भरून निघेल. तोवर कोठडीतील माणसाच्या शरीराबद्दल कायद्याला सर्वांत अधिक ठाऊक असते ते त्याच्या शवविच्छेदनानंतर.