माधव आपटेचं ‘आपण’

डोंबिवलीहून ठाण्याकडे निघालेल्या लोकलमध्ये चौथी सीट मागणारा माणूस परवानगी मागत नसतो. ‘सरका जरा’ म्हणतो आणि अर्धी मांडी टेकवतो. कुणी सरकलं नाही, तर चिडायच्या आधी तो चकित होतो. सगळेच तर सरकतात!

निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) परत बघताना मला तोच चकित चेहरा सारखा दिसत होता, माधव आपटेच्या जागी. संदीप कुलकर्णींचा हा आपटे बँकेत नोकरी करतो, रोज लोकलने जातो-येतो, नियम पाळतो. एक दिवस थंड बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले जातात आणि तो बॅट उचलतो. हा सिनेमा आपण ‘प्रामाणिक माणूस विरुद्ध सिस्टिम’ असा बघत आलो. यावेळी मला आपटेचा राग दुसरीकडूनच येताना दिसला. त्याला वाटतं, सगळ्यांना आतून हेच हवंय, फक्त हिंमत नाही. जास्तीचे दोन रुपये देऊन बाटली पिणाऱ्याने खरोखर वेगळं काही ठरवलं असेल, हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

मानसशास्त्रात याला ‘फॉल्स कन्सेन्सस इफेक्ट’ म्हणतात. १९७७ साली ली रॉस आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांना विचारलं, जाहिरातीची पाटी अंगावर अडकवून कॅम्पसमध्ये फिराल का? हो म्हणणाऱ्यांना वाटलं, बहुतेक जण हो म्हणतील. नाही म्हणणाऱ्यांना वाटलं, बहुतेक जण नाही म्हणतील. २०१९ मध्ये इनचोल चोई आणि ऊना चा यांनी कोरियन आणि अमेरिकन लोकांची तुलना केली, तर ही चूक कोरियन लोकांत जास्त निघाली. मला उलटं वाटलं होतं. जे समाज ‘लोक काय म्हणतील’वर चालतात, त्यांना लोक नीट कळत असतील ना? तसं दिसत नाही.

मराठीत तर याची सोय सर्वनामातच आहे. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो न विचारता आत येतो. ‘आपल्यात असं करत नाहीत’ या वाक्याला नाही म्हणायचं, तर आधी ‘आपल्या’तून उठून जावं लागतं.

‘डोंबिवली फास्ट’ची तुलना जोएल शूमाकरच्या ‘फॉलिंग डाऊन’शी (१९९३) नेहमी होते. तिथेही थंड पेयाची किंमत आणि बॅट आहे. (आणि दुकानदार कोरियन आहे, हा निव्वळ योगायोग.) पण नक्कल की नाही या वादात एक फरक राहून जातो. तिथला पोलीस नायकाला शेवटी साफ सांगतो की फसवले सगळेच जातात, म्हणून तुला वेगळा हक्क मिळत नाही. आपण खलनायक ठरलोय हे नायकाला तेव्हा कळतं आणि तो गांगरतो. आपल्या सिनेमात मात्र आपटेच्या मागावरचा इन्स्पेक्टरच हळूहळू त्याच्या बाजूला झुकतो. अमेरिकन सिनेमा नायकाचं ‘आपण’ तोडतो, कामत ते जमवून देतात. आपटेची बायको (शिल्पा तुळसकर) तडजोड कर म्हणते, तेव्हा सिनेमा त्याला थकवा समजतो. तो तिचा विचारपूर्वक निर्णय असू शकतो, ही शक्यता तो तपासतच नाही. सिनेमा मला आजही आवडतो, पण इथे तो आपटेइतकाच आंधळा आहे.

मीही होतो. लहानपणी हा सिनेमा टीव्हीवर लागला होता तेव्हा बाबा रडले होते. तेही बँकेतले, डोंबिवलीचेच. माझ्यासाठी बाबा म्हणजे आपटे. २०१५ मध्ये माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला त्यांनी पावतीशिवाय पैसे भरले. माझ्यासाठी त्यांनी स्वतःचं मन मारलं, असं मी दहा वर्षं धरून चाललो. त्या ओझ्यापायी नोकरी सोडायचा विषय दोनदा त्यांच्यासमोर काढलाच नाही.

परवा सिनेमा संपल्यावर विचारलं.

“मन कसलं मारलं?” बाबा म्हणाले. “तेव्हा सीट मिळत होती, घेतली. मला काही चूक वाटली नव्हती.”

मग रडलात का?

“अरे, काम काय करतो तो संदीप कुलकर्णी!”