भाडं दुप्पट, तरी गाडीवान पायी: ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ संशोधक म्हणून वाचताना

भेदभावावर सिनॉप्सिस लिहिलात की गाईडचा पहिला प्रश्न, "डेटा कुठाय?" अमेरिकेतल्या कित्येक उपनगरांत कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही, हे खरेदीखतातच लिहिलेलं असायचं. १९४८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने अशा अटी कोर्टामार्फत राबवायला मनाई केली. तिथल्या संशोधकाला निदान कागद सापडतो. आपल्याकडे बहुतेकदा तोही नसतो. मग करायचं काय?

त्यासाठी डॉ. आंबेडकरांचं हे छोटं पुस्तक वाचा. १९०१ साल. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला कॅशियर. त्यांच्याकडे निघालेली मुलं साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरतात. कपडे चांगले. स्टेशन मास्तर आधी आपुलकीने चौकशी करतो. ‘महार’ ऐकताच त्याचा चेहरा बदलतो. मी एमएस्सीवाला, मला इथे प्रयोगच दिसतो. मुलं तीच, कपडे तेच, पैसे तेच. बदलली फक्त जातीची माहिती. पुढे दुप्पट भाडं कबूल केल्यावरही गाडीवान शेजारी बसत नाही. गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूने चालणार. म्हणजे ‘हे सगळं गरिबीमुळे’ हा युक्तिवाद इथेच बाद होतो.

बडोद्याच्या प्रकरणात प्रश्न घराचा आहे. कोलंबियात शिकून आलेला माणूस पारशी नाव घेऊन सराईत राहतो आणि काठ्या घेऊन आलेले लोक त्याला बाहेर काढतात.

आता मर्यादा. मसूरचा प्रसंग तीसेक वर्षांनी आठवून लिहिलाय, तोही परदेशी वाचकासाठी. शेवटची प्रकरणं इतरांच्या अनुभवांची आहेत. त्यामुळे ‘असं किती घडायचं’ यासाठी हे पुस्तक उद्धृत करू नका. ‘कसं घडायचं’ यासाठी जरूर करा. ‘किती’साठी पद्धत वेगळी लागते. थोरात आणि अटवेल यांनी २००७ च्या अभ्यासात नोकरीसाठी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. दलित आडनावांना प्रतिसाद कमी आला.

सांगलीत खोली बघताना एका घरमालकांनी डिपॉझिटच्या आधी माझं आडनाव विचारलं. मग म्हणाले, "खोली आत्ताच गेली हो." ‘भाड्याने देणे’चा बोर्ड पुढचा आठवडाभर तसाच होता. मी तारीखसुद्धा लिहून ठेवली नाही. आज तो प्रसंग मला कुठेच वापरता येत नाही. तुम्ही लिहून ठेवा: तारीख, भाडं, आणि आडनाव सांगायच्या आधी नि नंतर वापरलेले नेमके शब्द.