सदाफुलीच्या तक्त्यात काय राहून जाते?

नौपाड्यातील एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन पाहण्याचा योग आला. 'औषधी वनस्पती' या विभागात सदाफुलीचे सुरेख चित्र होते आणि त्यापासून निघालेला बाण थेट 'कर्करोग बरा होतो' या शब्दांपाशी पोचला होता. तक्त्याजवळच्या मुलीला मी विचारले, "मग रोज पाने खाल्ली तर?" ती म्हणाली, "फायदाच होईल, सर." शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी लगेच ते कागदावर टिपून घेतले. तक्त्यावरची चूक तक्त्यावरच राहत नाही, ती घरी जाते.

चित्रात खोटे काही नाही. सदाफुलीपासून व्हिनब्लास्टीन व व्हिनक्रिस्टीन ही अल्कलॉइडे मिळतात. हॉजकिनचा आजार, लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग यांवरील उपचारांत ती वापरली जातात. आक्षेप आहे तो बाणावर. त्याने बरेच काही गाळले आहे.

पहिली गोष्ट शोधाची. १९५२ मध्ये जमेकाहून सदाफुलीची पाने कॅनडातील रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली, ती मधुमेहावरचा लोकोपचार म्हणून. उंदरांच्या रक्तातील साखर उतरली नाही. मात्र पांढऱ्या पेशी कमी झाल्या. या अनपेक्षित निरीक्षणाचा पाठपुरावा केल्यामुळे नोबल आणि चार्ल्स बीअर यांना व्हिनब्लास्टीन सापडले. नुसत्या परंपरेने ते हाती आले नसते.

दुसरी गोष्ट मात्रेची. या झाडात शंभराहून अधिक अल्कलॉइडे आहेत. ग्रॅमभर व्हिनक्रिस्टीनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. प्रौढ रुग्णाला एका वेळी ते सहसा दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत, तेही फक्त शिरेतून. चुकून मणक्यातील द्रवात गेले तर जीव जातो. पान चघळणाऱ्याच्या पोटात कोणते अल्कलॉइड किती गेले, हे कसे कळणार?

तिसरी गोष्ट कार्याची. पेशीविभाजनात गुणसूत्रे ओढून वेगळी करणारा तर्कू ट्युब्युलिन या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिकांचा बनलेला असतो. ही अल्कलॉइडे ट्युब्युलिनला चिकटतात, तर्कू तयार होत नाही आणि पेशी अर्ध्या वाटेवर अडकून मरते. पण सूक्ष्मनलिका निरोगी पेशींतही असतात. म्हणून केस गळतात आणि हातापायांना मुंग्या येतात. औषधाचा गुण आणि दोष एकाच क्रियेतून येतात.

आपल्या सह्याद्रीतील नरक्या तर तक्त्यावर नव्हताच. १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच अल्कलॉइड नरक्यात आढळले. परंतु रुग्णांवरील चाचण्या विषारी परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. ते टोपोआयसोमरेज-१ या विकरावर काम करते, हे १९८५ मध्ये कळले. रेणूत फेरफार करून बनवलेल्या टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन यांना अमेरिकेत मान्यता मिळाली १९९६ मध्ये. म्हणजे बाणाची लांबी तीस वर्षे! आणि लाकडासाठी झालेल्या बेसुमार तोडीने नरक्याच धोक्यात आला. हीसुद्धा त्या बाणाची किंमत आहे.

दोष त्या मुलीचा नाही. 'अमुक वनस्पती, तमुक रोग' अशा जोड्या आपणच वर्गात पाठ करून घेतो. पुढच्या प्रदर्शनात चित्र तेच असू द्या. फक्त बाणाचे तुकडे करा: निरीक्षण, अर्क, शुद्ध रेणू, प्राण्यांवरील चाचणी, रुग्णांवरील चाचणी, मात्रा, दुष्परिणाम. आणि तळाशी ठळक अक्षरांत लिहा: 'सदाफुलीची पाने विषारी आहेत, खाऊ नयेत.' कागद घेऊन उभ्या असलेल्या बाईंना टिपून घेण्यासारखे तेच वाक्य होते.