वेल्सचं गाव, नॉर्वेची पाटी

जॉन फोर्डच्या 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली' (१९४१) मध्ये वेल्समधलं कोळशाच्या खाणीचं एक गाव आहे. चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना कामगारांची दगडी घरं, वर टोकाला खाण. हे गाव वेल्समध्ये नाही. युरोपात युद्ध पेटलेलं असताना तिकडे जाऊन शूटिंग करणं शक्य नव्हतं, म्हणून ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सने ते कॅलिफोर्नियातल्या डोंगरात बांधून घेतलं. दोन वर्षांनी याच स्टुडिओने 'द मून इज डाऊन' काढला. जर्मनांनी बळकावलेल्या नॉर्वेतल्या खाणगावाची गोष्ट. सेट तोच वापरला.

त्याच सुमारास हम्फ्री जेनिंग्ज हा ब्रिटिश दिग्दर्शक खऱ्याखुऱ्या वेल्समध्ये, खऱ्याखुऱ्या खाणकामगारांच्या गावात जाऊन राहिला आणि तिथल्या माणसांना घेऊन चेकोस्लोव्हाकियातल्या लिदित्से गावाचा चित्रपट केला. म्हणजे एका वर्षात वेल्स एकदा नॉर्वे झालं आणि एकदा चेकोस्लोव्हाकिया. पहिल्या वेळी खर्च वाचवायला. दुसऱ्या वेळी, मला वाटतं, त्या सगळ्या काळात कुणाला सुचली नव्हती अशी एक गोष्ट सांगायला.

युद्धकाळातल्या चित्रपटांवर लिहिणारे बहुधा जर्मनांवर लिहितात. चकचकीत बूट, एका डोळ्याची काच, खटकन टाचा जुळवणं, 'ग्रेट डिक्टेटर'मधला पृथ्वीच्या गोळ्याशी खेळणारा चॅप्लिन. ते आपल्याला पाठ आहे. पण यातले पंधरा-वीस चित्रपट लागोपाठ पाहिले की लक्ष दुसरीकडे जायला लागतं. जर्मन निदान कोणीतरी असतो. त्याला नाव असतं, मतं असतात, चांगले संवाद असतात. ज्या देशावर तो चालून आलाय तो देश मात्र कुठे दिसतच नाही.

नॉर्वेचंच बघा. जर्मनी ९ एप्रिल १९४० ला नॉर्वेत घुसली. १९४२-४३ मध्ये हॉलिवूडने त्यावर तीन ठळक चित्रपट काढले. 'कमांडोज स्ट्राइक अ‍ॅट डॉन' कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर शूट झाला, 'एज ऑफ डार्कनेस' कॅलिफोर्नियात माँटरेला आणि 'मून' त्या वेल्सच्या सेटवर. लोकेशन खोटं असण्याला माझी हरकत नाही, दुसरा इलाजच नव्हता. हरकत आहे ती टेम्प्लेटला. 'एज ऑफ डार्कनेस' आणि 'मून' शेजारी ठेवा. एक डॉक्टर, कारण सुशिक्षित विवेक लागतो. एक फितूर, शक्यतो पैसेवाला: एकीकडे मासळीच्या कारखान्याचा मालक, दुसरीकडे दुकानदार. एक सरळमार्गी वृद्ध. एक धाडसी तरुणी. लपवलेली हत्यारं किंवा आकाशातून पडणारी डायनामाइटची पुडकी. आमच्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर इथे देश हा एक व्हेरिएबल आहे. नॉर्वे काढून हॉलंड टाका, प्रोग्राम तसाच चालेल.

याने नुकसान काय झालं? झालं ते हे, की खऱ्या नॉर्वेत त्याच वर्षी जे चाललं होतं ते कुठल्याही लेखकाला सुचलं नसतं आणि ते पडद्यावर आलंच नाही. १९४२ मध्ये क्विसलिंगच्या सरकारने शिक्षकांसाठी नाझी धाटणीची सक्तीची संघटना काढली. देशभरातल्या हजारो शिक्षकांनी पत्रं पाठवून सांगितलं, आम्ही सभासद होणार नाही. हजाराहून जास्त जणांना अटक झाली. त्यातल्या शेकडोंना पार उत्तरेला, किर्केनेसला नेऊन मजुरीला जुंपलं. तरी शिक्षक नमले नाहीत आणि ती संघटना उभी राहिली नाही. गोळी न झाडता, एकेकाने सही करून दिलेला लढा. 'एज ऑफ डार्कनेस'मध्ये एक म्हातारा शिक्षक आहे. त्याला जर्मन मारहाण करतात, आपण हळहळतो, आणि मग एरॉल फ्लिन बंदूक उचलतो. टास्मानियात जन्मलेला फ्लिन कॅलिफोर्नियात नॉर्वेचा कोळी झालाय, आणि तोंडात अस्खलित इंग्रजी.

भाषेचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. फ्रिट्झ लांगच्या 'हँगमेन ऑल्सो डाय' (१९४३) मध्ये प्रागवर राज्य करणारा हायड्रिख पडद्यावर येतो आणि सरळ जर्मनमध्ये गुरकावतो, सबटायटल नाही. भीती वाटते. पण त्याच्या हाताखाली चिरडले जाणारे चेक लोक चेक बोलत नाहीत, अमेरिकन इंग्रजी बोलतात. हिशोब सरळ आहे: जो आपल्यासारखा बोलतो तो आपला. आक्रमकाला भाषा आहे, इतिहास आहे. पीडिताला प्रेक्षकाची भाषा उसनी देऊन प्रेक्षकच करून टाकलंय. (या चित्रपटाची कथा लांगबरोबर बर्टोल्ट ब्रेख्तने लिहिली होती. दोघेही जर्मनी सोडून आलेले. हायड्रिखला मारणारे ब्रिटनमधून पॅराशूटने उतरले होते हे तेव्हा बाहेर आलेलं नव्हतं, म्हणून चित्रपटात ते काम प्रागचा एक डॉक्टर करतो. तो दोष मी मोजत नाही.)

आणि तो गुरकावणारा हायड्रिख कोण? हान्स हाइनरिख फॉन त्वार्दोव्स्की, नाझी राजवटीतून बाहेर पडलेला नट. 'कासाब्लांका'तला मेजर स्ट्रासर, म्हणजे कॉनराड फाइट, याची बायको ज्यू होती, त्याने १९३३ मध्येच जर्मनी सोडली. 'एज ऑफ डार्कनेस'चा क्रूर कमांडर हेल्मुट डान्टीन व्हिएन्नाचा. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळल्यावर नाझींनी त्याला कैदेत टाकलं होतं. म्हणजे ज्यांना नाझींनी घरातून हाकललं त्यांना कॅलिफोर्नियात पोट भरायला नाझींचाच गणवेश चढवावा लागला. का, तर उच्चार. तरीही या माणसांमुळे पडद्यावरचा जर्मन जिवंत झाला असं मला वाटतं. त्यांना तो आवाज जवळून माहीत होता. नॉर्वेच्या वाट्याला असं कुणी आलं नाही.

आता 'मून'कडे परत, कारण त्याच्यावरून मोठं भांडण झालं होतं. जॉन स्टाइनबेकची मूळ कादंबरी १९४२ ची. तिच्यात देशाचं नावच नाही, आक्रमकांचंही नाही. कर्नल लान्सर हा पहिल्या महायुद्धातून गेलेला अधिकारी. ओलिसांना मारून लोक गप्प बसत नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक आहे आणि तरी तो हुकूम पाळतो. जेम्स थर्बर, क्लिफ्टन फॅडिमन वगैरे अमेरिकन टीकाकार खवळले: हे जर्मन फार माणसासारखे आहेत, असं लिहून युद्ध जिंकता येत नाही. पण जिथे जर्मन खरोखर रस्त्यावर फिरत होते तिथे हीच कादंबरी चोरून भाषांतरित झाली, चोरून छापली गेली: नॉर्वेत, डेन्मार्कमध्ये, हॉलंडमध्ये, फ्रान्समध्ये. युद्धानंतर नॉर्वेच्या राजाने स्टाइनबेकला पदक दिलं.

हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. न्यूयॉर्कमध्ये बसलेल्याला राक्षस हवा होता. ज्याच्या घरात सैनिक राहायला आला होता त्याला माहीत होतं की हा सकाळी दाढी करतो, बायकोला पत्र लिहितो आणि दुपारी गोळ्या घालतो. लान्सर भीतिदायक आहे तो कळून करतो म्हणून. चित्रपटात सेड्रिक हार्डविकने तो थंड, कंटाळलेला रंगवलाय, आणि माझ्या मते या पंधरा-वीस चित्रपटांतला तो सगळ्यात खरा जर्मन अधिकारी आहे. भोवतीचं गाव मात्र नावानिशी नॉर्वे झालं तरी पुठ्ठ्याचंच राहिलं.

पुठ्ठ्याच्या गावाचा कळस म्हणजे 'द नॉर्थ स्टार' (१९४३). लिलियन हेलमनची पटकथा, 'एज ऑफ डार्कनेस'वाल्याच लुइस माइलस्टोनचं दिग्दर्शन, एरन कोपलँडचं संगीत. युक्रेनमधलं सामूहिक शेतीचं गाव, आणि पहिला बराच वेळ नुसती गाणी, नाच, हसरे चेहरे. दहाच वर्षांपूर्वी याच युक्रेनमध्ये लाखो माणसं उपासमारीने मेली होती, याचा मागमूस नाही. मग विमानं येतात. एरिक फॉन स्ट्रोहाइमचा जर्मन डॉक्टर गावातल्या मुलांचं रक्त काढून जखमी सैनिकांना चढवतो. हा डॉक्टरही लान्सरसारखाच, स्वतःला नाझींहून वरचा समजणारा. त्याचे प्रसंग अंगावर येतात, गावाचे येत नाहीत.

पुढची गंमत तर पुठ्ठ्यालाच शोभेल अशी आहे. शीतयुद्धात सोव्हिएत गावाचं कौतुक अडचणीचं झालं. १९५७ मध्ये हाच चित्रपट कापून, त्यावर सोव्हिएतविरोधी निवेदन चढवून, 'आर्मर्ड अटॅक' नावाने पुन्हा लावला. जर्मन जसे होते तसे राहिले. ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांचा अर्थ उलटवता आला, कारण मुळात त्यात कुणी ठाम माणसं नव्हतीच.

याच्या शेजारी मार्क दोन्स्कोयचा सोव्हिएत 'रेनबो' (१९४४) बघा. तोही युक्रेनचंच गाव, तोही प्रचारच, यातले जर्मन तर बारीक छटा वगैरे नसलेले सैतान. पण गाव? बर्फातून अनवाणी हाकलली जाणारी गरोदर ओलेना, मुलाचं प्रेत घरातच पुरून त्यावरची माती पायाने सारखी करणारं कुटुंब. ही बाई कॅलिफोर्नियात सापडणार नाही. तिला काढून तिथे दुसरा देश घालता येणार नाही.

ज्यांची जागा सगळ्यात रिकामी आहे ते ज्यू. ताब्यातल्या युरोपवर इतके चित्रपट, आणि बहुतेकांत ज्यू नाहीत किंवा तो शब्दच कुणी उच्चारत नाही. गाव म्हणजे 'आपल्यासारखी' माणसं, हे एकदा ठरलं की जे वेगळे म्हणून मारले जात होते त्यांना त्या गावात घर मिळत नाही. ठळक अपवाद आंद्रे द टॉथच्या 'नन शॅल एस्केप'चा (१९४४). पोलंडमधलं गाव, मालगाडीत कोंबले जाणारे ज्यू, त्यांना उद्देशून बोलणारा रब्बी, आणि मग मशीनगन. युद्ध चालू असतानाच हा चित्रपट युद्ध संपल्यानंतरच्या खटल्याची कल्पना करून गोष्ट सांगतो. बाकी मांडणी ठोकळेबाज आहे, पण ते एक दृश्य बाकीच्यांनी काय गाळलं ते दाखवून देतं.

आता जेनिंग्ज. 'द सायलेंट व्हिलेज' ३६ मिनिटांचा आहे, लोकलच्या एका प्रवासात बघून होईल. हायड्रिखच्या हत्येचा सूड म्हणून १० जून १९४२ ला जर्मनांनी लिदित्सेतले १७३ पुरुष गोळ्या घालून मारले, बायकांना छळछावणीत पाठवलं, मुलं वेगळी केली, त्यातली बहुतेक नंतर गॅसने मारली, आणि गाव जमीनदोस्त केलं. लिदित्सेतही कामगारांची वस्ती होती. जेनिंग्जने कुमगीएद हे वेल्समधलं गाव निवडलं. तिथल्या खाणकामगारांनी, शिक्षिकेने, मुलांनी, गृहिणींनी स्वतःच्याच भूमिका केल्या. आपण चेक आहोत असं नाटक कुणी करत नाही. तुमच्याकडे हे झालं असतं तर, एवढंच.

सुरुवातीला प्रार्थनाघरातलं गाणं, खाण, शाळा, दुकानातल्या गप्पा. माणसं वेल्श बोलतात आणि खाली सबटायटल नाही. हॉलिवूडच्या बरोबर उलट: इथे न कळणारी भाषा पीडितांची आहे. मग गावात एक काळी गाडी येते, वर लाउडस्पीकर. जर्मन म्हणजे तेवढंच. गाडी, आवाज, रेडिओवरची फर्मानं, बुटांचा आवाज. चेहरा नाही. लान्सरसारखा विचार करणारा नाही, स्ट्रासरसारखा देखणाही नाही. वेल्श भाषेवर बंदी येते. शाळेत शिक्षिका मुलांना सांगते की आता वर्गात वेल्श बोलता येणार नाही, पण तुम्ही ती विसरू नका. ती हे रोजच्या धड्याच्या सुरात सांगते.

इथे मला थांबावं लागलं. वेल्श बोलल्याबद्दल शाळेत मुलांच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात वेल्समध्ये होती, आणि तेव्हा तिथे जर्मन नव्हते. लंडनच्या सरकारी चित्रपट विभागासाठी काम करणाऱ्या जेनिंग्जने हे मनात धरून लिहिलं की नाही, ते चित्रपटात कुठे म्हटलेलं नाही. पण गावातल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर तो प्रसंग कसा गेला असेल? 'आक्रमण झालेले देश' ही यादी कोण बनवतो हा प्रश्न आपल्यालाही जवळचाच. सप्टेंबर १९४१ मध्ये चर्चिलने संसदेत सांगितलं होतं की अटलांटिक सनदेतलं स्वयंनिर्णयाचं आश्वासन नाझींच्या जोखडाखालच्या युरोपीय देशांसाठी आहे, हिंदुस्थान वगैरे वेगळा विषय. लिदित्सेनंतर दोनच महिन्यांनी मुंबईत गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. त्या गावांवर कुणी सेट बांधले नाहीत.

शेवटाकडे पुरुषांना भिंतीसमोर उभं करतात, ते गातात. गोळीबार आपल्याला दिसत नाही. मग पडदा उघडल्यासारखं होतं आणि कुमगीएदचेच लोक, जिवंत, लिदित्सेची बातमी वाचताना दिसतात.

लिदित्से पाडतानाचं चित्रीकरणही आहे, खुद्द जर्मनांनी करवून घेतलेलं. पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात ते पुरावा म्हणून दाखवलं गेलं. त्यात कुणी टाचा जुळवत नाही, कुणाच्या डोळ्यावर काच नाही. घरं जळतायत, सुरुंगाने चर्च उडतं, आणि गणवेशातली तरुण पोरं ढिगाऱ्यातून इकडून तिकडे जातायत, साइटवर काम चालू असावं तशी.